दोन गाड्या, एकच चार आकडे

गाडी ओळखायची कशी, असं मला आज कुणी विचारलं तर मी गप्प बसते. काही वर्षांपूर्वी विचारलं असतं तर खुर्ची ओढून बसवलं असतं, चहा सांगितला असता आणि तो चहा निवून जाईपर्यंत समजावून सांगितलं असतं. तेव्हा मला सगळं माहीत होतं. आता कामातून मोकळी झाले आहे, गुडघे कुरकुरायला लागले आहेत आणि जे पक्कं माहीत होतं त्यातलं निम्मं डळमळीत झालं आहे. डोक्यातला गुंता कागदावर उतरवला की सुटतो असं आमचे हे म्हणतात. त्यांनी जन्मभर कारखान्यात लेथ चालवलं, त्यांना सगळंच सुटसुटीत वाटतं.

माझं काम गाड्यांना टॅग लावण्याचं. त्याआधी बरीच वर्षं उल्हासनगरातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आरटीओचे फॉर्म भरत होते. लायसन, ट्रान्स्फर, पत्ताबदल. मग टोलनाक्यांवर टॅग सक्तीचा झाला आणि मी एजन्सी घेतली. अंबरनाथ पूर्वेहून बदलापूरकडे जाताना एक पेट्रोल पंप लागतो. त्याच्या कडेला एक टेबल, एक मोठी छत्री, एक फोन, एक वही. लोक मला ‘टॅगवाल्या बाई’ म्हणायचे. वयाच्या पन्नाशीनंतर बाईला स्वतःचा धंदा मिळाला, याचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे.

ज्यांनी टॅग फक्त काचेवर चिकटलेला पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. खेळातल्या पत्त्याएवढा कागदी तुकडा. आत बारीक तार आणि तिळाएवढी चिप. बॅटरी नाही, बटण नाही. नाक्यावरचं यंत्र वरून हाक मारतं आणि टॅग आपला नंबर सांगतो. एवढंच. तो गाडी बघत नाही, ड्रायव्हर बघत नाही. त्या नंबरासमोर कंप्युटरात ज्या गाडीची नोंद असेल ती गाडी नाक्यावरून गेली, असं सगळं जग धरून चालतं. आणि ती नोंद करायचं काम माझं.

आता यात गोंधळ व्हायला जागा कुठे आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

पण गिऱ्हाइकं पहिल्या दिवसापासून गोंधळलेली. उल्हासनगरचे एक कापडवाले शेठ टॅग लावून गेले आणि पंधरा दिवसांनी गाडी घेऊन टेबलासमोर उभे.

“मॅडम, ये सुनता भी है क्या?”

“शेठ, त्याला कान कुठे आहेत?”

“फिर मी कुठे गेलो ते याला मालूम कसं पडतं?”

मी हाक आणि नंबर वगैरे सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. गाडीत पाहिलं तर टॅगवर रुमाल टाकलेला. धंद्याची बात करताना झाकून ठेवतो, म्हणाले. रुमालाने काही अडत नाही, टॅग तरीही वाचला जातो, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं समाधान झालं होतं आणि टोलही बरोबर कापला जात होता, मग मी कशाला मध्ये बोलू?

एका टेम्पोवाल्याचा टॅग एकाही नाक्यावर वाचला जाईना. तीन वेळा बदलून दिला. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी गाडीपाशी जाऊन पाहिलं, तर टॅगच्या नेमकं पुढे गावदेवीची चंदेरी पत्र्यावर उठवलेली तसबीर. धातूच्या मागे टॅग मुका होतो. मी म्हटलं, दादा, ही तसबीर जरा बाजूला घ्या. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच ओशाळले. “टॅग सरकवा मॅडम. ती तिथंच बसनार.” टॅग सरकवला. पहिल्या नाक्यावर दांडा वर झाला. पुढे वर्षभर तो मला सांगत होता, बघा, तिनंच उघडला.

नव्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. शोरूममधून निघताना गाडीला नंबर नसतो, बारसं न झालेल्या बाळासारखी ती असते. तिचा टॅग चासीच्या नंबरावर देतात. नंबर आल्यावर तो टॅगला जोडायचा असतो आणि तेच नेमकं लोक विसरतात. मग गाडी तीच, टॅग तोच, पण दोघांची ओळख नाही. बिचारे माझ्याकडे यायचे आणि विचारायचे, “म्हणजे माझी गाडी माझी नाही का?” मी हसायचे. तेव्हा मला हसू यायचं.

आमच्या धंद्यात गाडीला शेवटच्या चार आकड्यांनी ओळखायची पद्धत आहे. पंपावर, गॅरेजात, फॅक्टरीच्या गेटवर, सगळीकडे. “ती बावीस सत्तर आली का?” असं विचारायचं. पुढची अक्षरं, मालिका, कोण म्हणत बसणार? मीही टॅगच्या मागच्या कागदावर पेनाने फक्त चार आकडे लिहायचे. वहीत मात्र पूर्ण नंबर, टॅगच्या नंबरासकट. वही माझी सुवाच्य आणि नीट. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते वहीमुळे झालं नाही.

बदलापूरजवळच्या खरवईचे जनार्दनदादा माझं जुनं गिऱ्हाईक. आगरी घर. भाताच्या खाचरांवर आता टॉवर उभे राहिलेत, पण अंगण अजून अंगणासारखं. त्यांच्याकडे दोन पांढऱ्या पिकअप होत्या. एक काळूराम चालवायचा. तो बारवी धरणाच्या अंगाच्या एका वाडीतला ठाकराचा पोरगा, तिशीतला, त्या वाडीतला पहिला पगारी ड्रायव्हर. तो अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यातून माल उचलून उल्हासनगरला टाकायचा. या वाटेवर एकही टोलनाका नाही, हे लक्षात ठेवा. दुसरी पिकअप दादांचा मुलगा प्रतीक चालवायचा, जमेल तेव्हा, मिळेल ते भाडं.

दोन्ही गाड्यांचे शेवटचे चार आकडे एकच. एक्केचाळीस एक्केचाळीस. मालिका वेगळी, आकडे तेच. दादांच्या मोटारीचे तेच, बुलेटचेही तेच. आमच्या भागात अशी कितीतरी घरं आहेत, हौसेने तोच नंबर मागून घेतात. मी पहिल्यांदा आश्चर्य केलं तेव्हा दादा म्हणाले होते, “ताय, आमचे बापाचा पयला टेंपो एक्केचालीस एक्केचालीस व्हता. त्यानी यो घर उभा केला. आता दुसरा नंबर दारान उभा करायचा म्हंजे कसा वाटतं?”

टॅग लावायला त्यांनी मला दसऱ्याला घरी बोलावलं. एरवी मी घरी जात नाही, पण जुनं गिऱ्हाईक, आणि जेवायला थांबायचा आग्रह. अंगणात सगळ्या गाड्या धुऊन ओळीने उभ्या. झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाची बोटं. दादांच्या पत्नी कमळाताई आरतीचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “ते टॅग पन ताटान ठेवा. गारीला लागनार, मंग पूजा नको?”

मला कौतुक वाटलं. मी दोन्ही टॅग ताटात ठेवले. हळदकुंकू लागलं, अक्षता पडल्या, ताट सगळ्या गाड्यांभोवती फिरलं. नारळ फुटले. मग मी ताटातून टॅग उचलले आणि मागचे आकडे पाहिले. एकावर एक्केचाळीस एक्केचाळीस. दुसऱ्यावर एक्केचाळीस एक्केचाळीस.

वही पिशवीत होती. पिशवी घरात होती. दारात रांगोळी होती आणि पायात चपला. मी ज्या क्रमाने टॅग ठेवले होते त्याच क्रमाने उचलले आहेत असं स्वतःला सांगितलं आणि दोन्ही काचांवर चिकटवून दाबून बसवले. मग पुरणपोळी खाल्ली. मला ती पुरणपोळी आजही आठवते आणि घशाशी येते.

टॅगचे मेसेज कमळाताईंच्या फोनवर जायचे. दादांचा फोन सतत चालू, म्हणून फॉर्मवर त्यांनी बायकोचा नंबर दिला होता. त्या मेसेज उघडायच्या नाहीत, इंग्रजीत काय ते त्यांना लागायचं नाही. पाच-सहा महिने मेसेज येऊन साचत राहिले. एक दिवस दादांनी काहीतरी शोधायला तो फोन हातात घेतला आणि पाहिलं. काळूरामच्या गाडीचा नंबर, आणि पुण्याच्या वाटेवरचा, घाटाच्या अलीकडचा टोलनाका. एकदा नाही, कितीतरी वेळा. दर वेळी कारखान्यांच्या सुट्टीच्या वारी.

सुट्टीच्या वारी काळूराम दादांच्या परवानगीनेच गाडी वाडीवर न्यायचा, दुसऱ्या दिवशी पहाटेच माल उचलायचा असायचा म्हणून. आता दादांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं, की हा पोरगा आपली गाडी घेऊन पुण्याकडे दुसऱ्याचं भाडं मारतो आणि आपल्याला वाडीवर झोपलो होतो म्हणून सांगतो. अंगणात चारचौघांत त्याच्याकडून चावी काढून घेतली. चोर म्हणाले. आमच्या भागात गाडीवाले सगळे एकमेकांच्या ओळखीचे. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आनंदनगरच्या गेटपर्यंत गेली आणि मग त्याला कुणी गाडीपाशी उभं करेना.

तो दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला. चालत आला होता.

“बाय, गाडी वाडीतच व्हती. तुमच्या मशीनला नीट इचारा ना. कुठंतरी चुकलं आसंल.”

मी फोनवर त्या टॅगच्या नोंदी काढल्या आणि स्क्रीन त्याच्यापुढे धरली. तारीख, वेळ, नाका. आणि मग मी जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. “हे बघ काळूराम, यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.”

त्याने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मी नाय बोलत,” म्हणाला, आणि गेला. मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही. पोरगा चांगला होता, मोहात पडला, असं मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. पुढे ऐकलं की तो बांधकामावर विटा उचलायला जातो.

मग पावसाळा सरता सरता नवा हुकूम निघाला. टॅग ज्या गाडीचा आहे त्याच गाडीवर आहे का, याचे फोटो पाठवा. गाडीचा समोरून एक, नंबरप्लेट दिसेल असा. काचेवरचा एक, टॅगवरचा नंबर वाचता येईल असा. शेकडो लोक फोटो काढून मला पाठवत होते. कुणाच्या फोटोत स्वतःचाच अंगठा, कुणाच्या फोटोत नुसतं आकाश. जनार्दनदादांनीही दोन्ही पिकअपचे फोटो पाठवले.

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी ते वहीशी ताडत बसायचे. दादांचा पहिला फोटो मोठा करून पाहिला. टॅगचा नंबर वहीतल्या नंबराशी जुळेना. फोटो धूसर असेल म्हणून चष्मा पुसला. मग दुसरा पाहिला. पहिल्याचा नंबर दुसऱ्यावर, दुसऱ्याचा पहिल्यावर.

मला आधी काही कळेचना. खरंच सांगते, बराच वेळ ना प्रतीक वाईट असं माझ्या मनात आलं, ना काळूराम निर्दोष असं. मी फक्त दोन फोटो अदलून बदलून बघत होते. नंबर आहे, टॅग आहे, गाडी आहे, सगळं खरं आहे, आणि तरीही खोटं आहे. मग दसऱ्याचं ते ताट डोळ्यांसमोर आलं. घाटाकडे जात होती ती प्रतीकची गाडी. काळूरामची गाडी खरोखरच वाडीत उभी होती.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी खरवईला गेले. दादा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी फोटो दाखवले, वही दाखवली, चूक माझी म्हणून सांगितलं. त्यांनी दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. प्रतीक त्या सगळ्या दिवसांत गाडी गॅरेजला आहे असं घरी सांगत होता, हे मला नंतर कळलं. दादांना ते खोटं तिथल्या तिथे कळलं असणार.

“ताय, यो कोनाला सांगलाव?”

“नाही. आधी तुमच्याकडेच आले.”

“मंग नका सांगू.”

मी म्हटलं, “दादा, त्या पोराचं नाव गेलंय.”

“मना कलतं. पन माजे पोराचा लगीन ठरतंय. पोरीवाले चौकशी करतान. यो बापाला फसवून कुठं जातं, काय करतं, असा बाहेर गेला तं काय सांगू? कालूराम काय, हातान कला हाय, कुठं ना कुठं काम भेटंल त्याला.” आणि मग हळूच, “चूक तुमची हाय, ताय. तुमची एजन्सी पन जाईल ना?”

धमकी नव्हती ती. त्यांनी फक्त मला माहीत असलेली गोष्ट सांगितली.

टॅग एकदा चिकटला की काढताना फाटतो, त्यामुळे गुपचूप अदलाबदल करून मिटवता येत नाही. जुने दोन्ही बंद करायचे, कुठली गाडी कुठल्या टॅगने धावली हे कबूल करणारा फॉर्म भरायचा आणि नवे द्यायचे. तेव्हा कुठे मागच्या नोंदी खऱ्या गाडीच्या नावावर जातात. पण हे करायला फोनवर येणारा सहा आकड्यांचा ओटीपी लागतो, आणि तो फोन दादांच्या घरात. म्हणजे जी चूक माझ्या हातून झाली ती मला एकटीला दुरुस्त करता येत नव्हती. मी हे स्वतःला दर तासाने सांगत होते. मी तरी काय करणार?

आठ दिवस मी काहीही केलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. टेबल लावत होते, टॅग विकत होते. कुणी विचारलं की गाडीची ओळख ती ही, असं टॅगवर बोट ठेवून सांगत होते आणि बोलता बोलता मध्येच थांबत होते. ह्यांनी विचारलं, तब्येत ठीक ना? मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

नवव्या दिवशी कमळाताई रिक्षाने पंपावर आल्या. एकट्या. कधी नव्हे त्या अशा आल्या म्हणून मी उठूनच उभी राहिले. त्यांनी पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवला.

“मी त्या दिवशी घरान पान्याचा तांब्या घेऊन उभी व्हतू. सगला आयकला.”

मी खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

“सहा महिने मेसेज माजेच हातान येत व्हते,” त्या म्हणाल्या. “मना वाचाया येत नाय म्हून मी गप. आन पोरगा माजा, त्याला ठावं व्हता आयला वाचाया येत नाय. म्हून त्यो बिनघोर.” जरा थांबल्या. “ताट पन माजेच हातान व्हता. चला, काय लिवायचा ते लिवा. आकडे येतान मना वाचाया.”

“ताई, घरात माहीत आहे?”

“परत जाऊन सांगीन. आधी सांगला तं फोन हातान ऱ्हाईल काय?”

मी फॉर्म उघडला. टॅगचा नंबर दोनदा चुकला. ओटीपी आला. त्यांनी चष्मा शोधायला पिशवीत हात घातला आणि चष्मा सापडेपर्यंत त्याची वेळ संपली. पुन्हा मागवला. या वेळी त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हटला, पहिलीतलं पोर पाढे म्हणतं तसा. पंपावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. सहावा आकडा झाल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. दुसऱ्या गाडीसाठी पुन्हा सगळं तसंच. मग फॉर्ममध्ये ‘चूक होण्याचं कारण’ असा रकाना आला. मी लिहिलं, ‘एजंटने टॅग चुकीच्या वाहनास लावला.’ ते वाक्य लिहिताना माझी एजन्सी गेली हे मला कळत होतं. ती महिन्याभरात गेलीच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

जाताना कमळाताई म्हणाल्या, “मी घरान सांगतू. तुमी वाडीवर सांगा.”

माझ्या वाट्याचं काम सोपं होतं.

प्रतीक पुण्याकडे कशासाठी जात होता ते मला आजही माहीत नाही. कुणी म्हणतं दुसऱ्या कुणाचा माल नेत होता, कुणी म्हणतं एक मुलगी होती. कमळाताईंना कळलं असेल, त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नोंद सांगते गाडी कुठे गेली. का गेली ते त्यात नसतं.

वाडीवर गेले तेव्हा भाताची झोडणी चालू होती. सगळी वाडी खळ्यावर. बाया, म्हातारी माणसं, काळूरामही तिथेच, कामावर खाडा करून आलेला. मी रिक्षातून उतरले आणि सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. मला वाटलं होतं काळूरामला बाजूला घेऊन सांगावं. पण त्याला चोर म्हटलं ते चारचौघांत, मग हे बाजूला कसं सांगू? मी खळ्याच्या कडेला उभी राहून मोठ्याने सांगितलं. दोन टॅग होते, माझ्या हातून अदलाबदल झाली, काळूरामची गाडी त्या सगळ्या सुट्टीच्या वारी कुठेच गेली नव्हती, ती इथेच होती. नोंद आता दुरुस्त केली आहे.

सोमी आजी, काळूरामची चुलत आजी, पेंढ्यावर बसली होती ती म्हणाली, “व्हती ना. त्या जांभळीखाली व्हती. मी तिच्या सावलीला बसून डाळ निवडली.”

“मी तिच्यावर गोधडी वाळत घातली,” दुसरी कुणी म्हणाली.

“पोरं टपावर चढली म्हून मी वरडलो,” एक म्हातारा म्हणाला.

“मग हे कुणाला सांगितलं का नाही?” असं मी विचारलं. माझ्या तोंडून ते गेलंच.

सोमी आजीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मीच काहीतरी येड्यासारखं बोलतेय असं. “इचारला कोन आमाला?”

मी त्या पोराला फोनची स्क्रीन दाखवली होती. इथे सगळ्या वाडीने गाडी डोळ्यांनी पाहिली होती, तिला हात लावला होता, तिच्या सावलीत बसले होते. जांभूळ रस्त्यापासून दगड मारला तर लागेल एवढं जवळ. आणि मी, दादा, गेटवरचे लोक, कुणालाही इथपर्यंत यावंसं वाटलं नव्हतं. मी तिथे खाली बसले. एका बाईने पाणी आणून दिलं.

कमळाताईंनी परत कामावर ये म्हणून निरोप दिला होता, तो मी काळूरामला सांगितला. तो म्हणाला, “काकीला सांगा, राग नाय. पन त्या अंगनात आता माझी गाडी लागायची नाय.” मग जरा वेळाने, “बाय, तुमी मला एक कागद लिवून द्या. गाडी इथं व्हती म्हून. दुसरा शेठ इचारल तं दाखवाया.”

आज तो आनंदनगरला एका कारखान्याची गाडी चालवतो. त्या कागदावर त्याला काम मिळालं की त्याच्या हातातल्या कसबावर, ते मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

त्या दिवशी खळ्यावर मी पिशवीतून कोरा कागद काढला. फॉर्म भरण्यात जन्म गेला माझा, पण सुरुवात कशी करावी कळेना. आधी सवयीने गाडीचा पूर्ण नंबर लिहिला. मग टॅगचा नंबर लिहायला लागले तर काळूराम म्हणाला, “तो नको.” मी खोडला. त्या त्या वारी ही गाडी या वाडीत जांभळाच्या झाडाखाली उभी होती, एवढंच लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘पाहणारे’.

सोमी आजी पुढे आली. मी शिक्क्याचं पॅड उघडलं, तिने अंगठा उठवला. मी तिचं नाव लिहिलं. मग गोधडीवाली, मग टपावरच्या पोरांवर ओरडलेला म्हातारा, मग बाकीचे. खळ्यावरून एकेक जण हात झटकत येत होता. काहींना सही येत होती, ते सावकाश आणि ठळक करत होते. मी नाव विचारत होते, लिहीत होते. सगळे झाले तेव्हा त्या पानावर जागा उरली नव्हती. मी कागद उलटा केला आणि माझी सही मागच्या बाजूला केली.